पवनऊर्जेतलं मास्टर्स: विषय अरुंद तर नाही ना?

'ताई, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. पदवीनंतर तीन वर्षं गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत कंपनांच्या चाचण्या करते. आता पवनऊर्जा अभियांत्रिकीत मास्टर्स करायचं मनात आहे. पण एवढ्या अरुंद विषयात पदवी घेतली आणि उद्या हा उद्योगच मंदावला तर? त्यापेक्षा साधं मेकॅनिकलमध्ये किंवा अक्षय ऊर्जेच्या सर्वसाधारण अभ्यासक्रमात मास्टर्स केलेलं बरं का? एरोडायनॅमिक्स मी कधी शिकलेच नाही, संख्याशास्त्रही पदवीपुरतंच. विद्यापीठ कसं निवडायचं तेही कळत नाही. यादीतली वरची नावं बघून अर्ज करू का? आणखी एक, मला उंचीची भीती वाटते. हे विचारायलाही लाज वाटते, पण विचारून टाकते.
— एक वाचक'

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू जाता जाता लिहून गेली आहेस. तीन वर्षं तू गिअरबॉक्सच्या कंपनांच्या चाचण्या करते आहेस! बाकीचे प्रश्न या वाक्याच्या शेजारी ठेवून बघितले तर बरेचसे आपोआप सुटतात. म्हणून आधी माझं मत सांगते, कारणं मागून. मास्टर्स कर, आणि पवनऊर्जेतच कर. फक्त अभ्यासक्रमाच्या नावावर भाळू नकोस. टर्बाईनवर येणाऱ्या भारांचं आणि तिच्या रचनेचं गणित जिथे खोलात शिरून शिकवतात, आणि प्रत्यक्ष मोजलेला वारा, मोजलेले ताण विद्यार्थ्यांच्या हातात देतात, अशा ठिकाणी जा.

अरुंदपणाची शंका जवळजवळ प्रत्येकाला येते. लांबून पाहिलं तर काय, एक टॉवर, तीन पाती, एक जनरेटर. जवळ गेल्यावर कळतं की या एका यंत्राला किती शास्त्रांची गरज लागते. वारा कुठे, कधी, किती वाहील हे हवामानशास्त्र सांगतं. तो पात्यावरून जाताना जोर कसा निर्माण होतो हा एरोडायनॅमिक्सचा प्रांत. पाती वाकतात, टॉवर डोलतो, तिथे रचनेचं गणित लागतं. पात्यांचा कोन सतत बदलत राहणारी कंट्रोल सिस्टीम, वीज ग्रीडला साजेशी करून देणारे कन्व्हर्टर, आणि टर्बाईन समुद्रात उभी करायची तर लाटा आणि तळाची माती. माझ्या मते या अभ्यासक्रमात अरुंद होण्याचा धोका नाहीच, धोका आहे तो पसरट होण्याचा. दोन वर्षांत सगळ्याची तोंडओळख होते आणि मुलाखतीत कुणी विचारलं, 'तुला नक्की काय करता येतं?' की उत्तर सुचत नाही. अशी हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यांचा अभ्यास कमी पडला नव्हता, त्यांनी एक विषय आपला म्हणून धरला नव्हता एवढंच.

मग एकच विषय धरायचा असेल तर साधं मेकॅनिकल का नको? कारण ही शास्त्रं इथे एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि तो गुंता शिकायला मिळणं हीच या मास्टर्सची खरी कमाई. तरंगत्या टर्बाईनचं उदाहरण घे. २०१७ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर 'हायविंड' प्रकल्पात ६ मेगावॉटच्या पाच टर्बाईन खोल समुद्रात तरंगत्या पायावर उभ्या राहिल्या. आता टर्बाईनचं एक साधं वर्तन लक्षात घे. वारा एका मर्यादेपलीकडे गेला, बहुतेक यंत्रांत सेकंदाला ११-१२ मीटरच्या पुढे, की क्षमतेपेक्षा जास्त वीज होऊ नये म्हणून पाती आपला कोन बदलतात आणि जास्तीचा वारा सोडून देतात. म्हणजे या टप्प्यात वारा वाढला की रोटरवरचा, म्हणजे फिरत्या पात्यांवरचा, रेटा कमी होतो. जमिनीत घट्ट रोवलेल्या टॉवरला त्याचं फारसं काही वाटत नाही. तरंगता टॉवर मात्र डोलतो. डोलताना तो वारा येतो त्या बाजूला पुढे गेला की रोटरला वारा जास्त जाणवतो. कंट्रोलर समजतो की वारा वाढला, आणि पाती फिरवतो. रेटा कमी होतो. त्याला मागे ढकलायला रेटा हवा असतो नेमका तेव्हाच तो कमी होतो! टॉवर मागे जाताना याच्या बरोबर उलट, रेटा वाढतो आणि त्याला आणखी मागे लोटतो. झोपाळ्याला प्रत्येक हेलकाव्याला योग्य क्षणी धक्का मिळावा तसं हे डोलणं वाढत जातं.

तू कंपनांत काम करतेस, तेव्हा हे निगेटिव्ह डॅम्पिंग आहे, म्हणजे हेलकावे शमण्याऐवजी वाढवणारा परिणाम, हे तू एव्हाना ओळखलं असशील. उपाय असा की कंट्रोलर मुद्दाम थोडा संथ करायचा, म्हणजे डोलण्याच्या वारंवारतेला तो प्रतिसादच देणार नाही. पण मग रोटरचा वेग जास्त चढउतार करू लागतो, म्हणजे त्याचीही किंमत आहेच. आता विचार कर, हा दोष कुणाला सापडला असता? नुसतं कंट्रोल शिकलेल्याला स्थिर टॉवरच्या गणितात तो दिसत नाही. नुसती रचना शिकलेला कंट्रोलरकडे बघतच नाही. पवनऊर्जेचं चांगलं मास्टर्स म्हणजे या दोघांच्या मधली जागा ओळखायला शिकणं. सर्वसाधारण मेकॅनिकलच्या वर्गात ती जागा सहसा कुणी दाखवत नाही.

आणि आता तुझ्या विषयाकडे येते, कारण तिथे मला खरोखर आनंद वाटतो आहे. मोठ्या टर्बाईनचा रोटर मिनिटाला साधारण बारा फेरे घेतो असं धर. प्रत्येक फेऱ्यात पातं एकदा एका बाजूला आडवं असतं, एकदा दुसऱ्या बाजूला. त्याच्या स्वतःच्याच वजनाने एका वेळी जी कड ताणली जाते तीच अर्ध्या फेऱ्यानंतर दाबली जाते. वीस वर्षं सलग फिरलं तर असे साडेबारा कोटींहून जास्त फेरे होतात. वारा नसतानाचा आणि दुरुस्तीचा काळ वजा केला तरी आकडा दहा कोटींच्या घरात राहतो. माझ्या ओळखीच्या यंत्रांत इतके मोठे भाग इतक्या वेळा उलटसुलट वाकवणारं दुसरं यंत्र नाही. म्हणून इथे पहिला प्रश्न 'तुटेल का' हा नसतो, 'किती वर्षांनी थकेल' हा असतो.

तुला ताण आणि आवर्तनांचा आलेख, म्हणजे किती ताण किती आवर्तनं सोसता येतो ते सांगणारा, माहीत आहेच. वेल्ड केलेल्या पोलादासाठी त्याचा घातांक ३ ते ४ धरतात. काच-तंतूंच्या पात्यांसाठी तो १० च्या आसपास. याचा अर्थ असा की भाराचा पल्ला दहा टक्क्यांनी वाढला तर पोलादी टॉवरची झीज जवळपास दीडपटीपर्यंत जाते आणि पात्याची अडीचपटीच्या वर. एकाच झोतात एकाच यंत्राचे दोन भाग इतक्या वेगवेगळ्या गतीने म्हातारे होतात. हा आकडा पहिल्यांदा स्वतः हाताने काढशील तेव्हा भारांच्या गणितात इतकी माणसं आयुष्य का घालवतात ते कळेल.

गिअरच्या दातांची वारंवारता आलेखात शोधायची तुला सवय आहे. तेच कौशल्य इथे मोठ्या मापावर लागतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २००९ साली ५ मेगावॉटच्या एका संदर्भ टर्बाईनचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध केला. १२६ मीटरचा रोटर, ९० मीटर उंचीवर. ही टर्बाईन कधी बांधलीच गेली नाही, तरी जगभरच्या असंख्य प्रबंधांत ती फिरते आहे. तिचा रोटर जास्तीत जास्त १२.१ फेरे घेतो, म्हणजे ०.२ हर्ट्झ. तीन पाती टॉवरसमोरून जातात तो ठेका ०.६ हर्ट्झचा. आणि टॉवरची स्वतःची पहिली वारंवारता ०.३२ च्या आसपास, बरोबर या दोघांच्या मध्ये नेऊन ठेवलेली, म्हणजे कुठल्याच ठेक्याशी जुळून टॉवरचं डोलणं वाढू नये. टॉवरची जाडी, उंची, पोलादाचं वजन आणि पर्यायाने खर्च या एका आकड्याभोवती फिरतो. ज्या मुलांनी कंपनं फक्त पुस्तकात पाहिली आहेत त्यांना हे समजायला एक सत्र जातं. तुला एक दुपार पुरेल.

गिअरबॉक्सचं तर विचारूच नकोस. टर्बाईनमधल्या काही बेअरिंगना ठरलेल्या आयुष्याच्या कितीतरी आधी तडे जातात. कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की तड्यांच्या कडेने पांढरी झालेली पोलादाची रचना दिसते. हे नेमकं कशामुळे होतं, घसरण, वंगण, विजेचा प्रवाह की हायड्रोजन, यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. २००७ मध्ये त्याच अमेरिकी प्रयोगशाळेने गिअरबॉक्सच्या टिकाऊपणावर कंपन्यांना एकत्र आणून संशोधन सुरू केलं, ते याच डोकेदुखीमुळे. काही निर्मात्यांनी गिअरबॉक्सच काढून टाकला आणि रोटर थेट मोठ्या जनरेटरला जोडला, पण मग सहसा निओडिमियमसारख्या दुर्मीळ मूलद्रव्यांची चुंबकं लागतात. तेव्हा तुझा अनुभव इथे उपयोगी पडेल का, ही शंका मनातून काढून टाक.

भार नीट न कळताच यंत्र मोठं करायला गेलं की काय होतं, याची साक्ष इतिहासात आहे. अमेरिकेत व्हरमाँटच्या टेकडीवर १९४१ मध्ये १.२५ मेगावॉटची टर्बाईन उभी राहिली आणि १९४५ मध्ये तिचं एक पातं तुटून पडलं. जर्मनीने १९८३ मध्ये 'ग्रोव्हियान' उभारली, १०० मीटरचा रोटर, ३ मेगावॉट. ती काहीशे तासच चालली आणि काही वर्षांत मोडीत निघाली. दरम्यान डेन्मार्कमध्ये योहानेस यूल यांनी १९५७ साली गेडसरला उभारलेली २०० किलोवॉटची साधी, तीन पात्यांची टर्बाईन दहा वर्षं चालली, आणि पुढचा डॅनिश उद्योग त्या लहान यंत्राच्या वळणावर हळूहळू मोठा होत गेला. आज ११५ मीटरहून लांब पाती बनतात. हे शक्य झालं कारण मधल्या काळात लोकांनी मोजमाप केलं, थकवा समजून घेतला.

एरोडायनॅमिक्सची भीती मात्र तू उगाच बाळगते आहेस. टर्बाईनच्या एरोडायनॅमिक्सचा जो भाग रोज वापरला जातो तो आश्चर्य वाटावं इतका आटोपशीर आहे. आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० मध्ये दाखवलं की वाहत्या हवेतल्या ऊर्जेपैकी जास्तीत जास्त २७ पैकी १६ भाग, म्हणजे ५९.३ टक्के, काढून घेता येते. त्याहून जास्त घ्यायला गेलात तर हवा रोटर टाळून बाजूने निघून जाते. हा संवेगाचा हिशोब आणि पात्याच्या प्रत्येक तुकड्यावरचा जोर, दोन्ही एकत्र करून जी पद्धत बनते तीच आजही भारांच्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या पोटात आहे. पायथनमध्ये तिचा छोटा प्रोग्रॅम तू महिन्याभराच्या फावल्या वेळात लिहू शकशील. लिहीच. दुसऱ्याचं सॉफ्टवेअर चालवण्याआधी स्वतःचं लंगडं का होईना पण चालणारं गणित असलं की पुढची दोन वर्षं फार सोपी जातात.

संख्याशास्त्राची काळजी मात्र कर. तिथे खरंच पाया लागतो आणि बहुतेक मेकॅनिकलवाले तिथेच अडखळतात. पदवीला आपल्याला सवय लागते ती एका भाराची आणि एका उत्तराची. वारा तसा नसतो. आयईसी ६१४००-१ हे टर्बाईनच्या रचनेचं आंतरराष्ट्रीय मानक पाळायचं तर प्रत्येक वाऱ्याच्या वेगासाठी दहा दहा मिनिटांचा कृत्रिम, खळबळता वारा तयार करायचा, तोही वेगवेगळ्या यादृच्छिक सुरुवातींनी निदान सहा वेळा, आणि प्रत्येकात टर्बाईन चालवून ताण मोजायचे. तो वारा तयार करायला वर्णपट, म्हणजे वाऱ्याच्या कुठल्या वारंवारतेच्या हेलकाव्यांत किती ऊर्जा असते याचं सूत्र, लागतो, काइमल यांच्या नावाचा किंवा मान यांच्या नावाचा. मग पन्नास वर्षांतून एकदा येणारा झोत किती मोठा असेल हे वर्ष-दोन वर्षांच्या नोंदींवरून सांगायचं. फूरिए, संभाव्यता, टोकाच्या मूल्यांचं संख्याशास्त्र, वायबुल वितरण, एवढं तरी जायच्या आधी हाताखालून घाल. मला विचारशील तर अर्ज करण्याच्या वर्षात तू फक्त ही एक गोष्ट केलीस तरी चालेल.

संख्याशास्त्रावर एवढा भर देण्याचं आणखी एक कारण आहे. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ८ मीटरचा वारा १० मीटर झाला की ऊर्जा जवळजवळ दुप्पट. त्यामुळे एखाद्या जागेच्या सरासरी वेगाचा अंदाज एक टक्क्याने चुकला तर वर्षाच्या विजेचा अंदाज साधारण दीड ते दोन टक्क्यांनी चुकतो, आणि कर्ज देणारी बँक नेमका तोच आकडा विचारत असते. शिवाय टर्बाईन एकटी नसते. तिच्यामागे मंदावलेली, ढवळलेली हवा जाते, जिला सगळे वेक म्हणतात, आणि ती मागच्या रांगेची वीज खाते, वर तिच्या बेअरिंगना हादरे देते. डेन्मार्कच्या 'हॉर्न्स रेव्ह १' मध्ये २००२ साली ८० टर्बाईन एकमेकींपासून ५६० मीटरवर, म्हणजे रोटरच्या सातपट अंतरावर उभ्या केल्या, तरी मागच्या रांगांना तोटा होतोच. येन्सन यांनी १९८३ मध्ये मांडलेलं वेकचं साधं सूत्र अजून वापरात आहे. आणि तरीही २०१९ साली समुद्रात पवनप्रकल्प उभारणाऱ्या ओर्स्टेडसारख्या अनुभवी कंपनीला जाहीर करावं लागलं की वेक आणि टर्बाईनसमूहापुढे अडणारा वारा या दोन्हींचा परिणाम आपण कमी धरला होता. इतक्या वर्षांनंतरही मोजून शिकण्यासारखं एवढं शिल्लक आहे. तुझ्यासारख्या मोजणाऱ्या माणसाला याहून चांगलं क्षेत्र मला सुचत नाही.

उद्योग मंदावण्याची भीती खरी आहे, ती मी झटकून टाकणार नाही. २०२३ मध्ये जगातली एकूण पवनक्षमता १,००० गिगावॉटच्या पुढे गेली. आणि त्याच वर्षी व्याजदर आणि साहित्याचे भाव चढल्यामुळे समुद्रातले मोठमोठे प्रकल्प रद्दही झाले. न्यू जर्सीचा 'ओशन विंड' त्यातलाच. हे चढउतार पुढेही येणार, सरकारी धोरण बदललं की येणार. पण जिला यादृच्छिक भारांखाली रचना किती टिकेल हे सांगता येतं, तिचं काम टर्बाईनवर अवलंबून नाही. पूल, जहाजं, विमानं, रेल्वेचे डबे, सगळ्यांना तोच प्रश्न पडतो. विषयाचं नाव अरुंद असलं तरी हातातलं कौशल्य अरुंद नसलं म्हणजे झालं. अक्षय ऊर्जेच्या सर्वसाधारण पदवीबद्दल माझं मत जरा कठोर आहे. धोरण, नियोजन, सल्लागारी यांत जायचं असेल त्यांच्यासाठी ती उत्तम. तुझ्यासाठी नाही. सौर, जैविक, जल आणि पवन अशा चार गोष्टींना एकेक सत्र देऊन तुझी तीन वर्षांची पूंजी वाया जाईल. मेकॅनिकलचं मास्टर्स मात्र मी पूर्ण बाद करणार नाही. तिथे टर्बाईनच्या भारांवर काम करणारा मार्गदर्शक असेल आणि प्रबंध त्याच विषयावर करता येणार असेल, तर तो रस्ताही त्याच ठिकाणी पोचतो.

विद्यापीठांच्या याद्या बाजूला ठेव. त्या संपूर्ण विद्यापीठाचं मोजमाप करतात, तुझ्या विषयाचं नाही. डेन्मार्कचं तंत्र विद्यापीठ, डीटीयू, या क्षेत्रात नावाजलेलं आहे ते त्याच्यामागे रिसो इथल्या प्रयोगशाळेची परंपरा आणि २०१२ पासून ओस्टरील्डला चालणारं प्रचंड टर्बाईनचं चाचणी केंद्र आहे म्हणून. डीटीयू, नेदरलँड्सचं डेल्फ्ट, नॉर्वेचं एनटीएनयू आणि जर्मनीचं ओल्डनबर्ग या विद्यापीठांनी मिळून दोन वर्षांचा संयुक्त युरोपीय अभ्यासक्रम उभा केला, त्यात वाऱ्याचं भौतिकशास्त्र, रोटरची रचना, वीजप्रणाली आणि सागरी अभियांत्रिकी अशा वाटा आहेत. जर्मनीत फ्लेन्सबुर्गचा अभ्यासक्रम उद्योगाच्या जवळचा. स्वीडनमध्ये उप्सालाचं गॉटलंड बेटावरचं वर्षाचं मास्टर्स प्रकल्प व्यवस्थापनाचं आहे, आणि जमीन, परवाने, अर्थकारण यांत रस असणाऱ्यांना मी ते आवर्जून सुचवते. तुला नाही सुचवणार.

कुठल्याही विद्यापीठाचं माहितीपत्रक उघडलंस की आधी बघ, एरोइलॅस्टिसिटी, म्हणजे वारा आणि लवचिक रचना यांचं एकत्रित गणित, हा विषय सक्तीचा आहे की ऐच्छिक, की नाहीच. नसेल तर ते पान तिथेच मिट. मग बघ की विभागाकडे स्वतःची मोजमापं आहेत का, म्हणजे वारा मोजणारा मनोरा, लेझरने वारा मोजणारं लायडार, सेन्सर लावलेली एखादी जुनी टर्बाईन, काहीही. आणि मागच्या दोन-तीन वर्षांतल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची शीर्षकं वाच. बहुतेक विद्यापीठांच्या ग्रंथालयात ती सहज सापडतात. शीर्षकं वाचताना एखादं तरी 'हे मी केलं असतं' असं वाटलं तर तिथे अर्ज कर. माझ्यासाठी ही कसोटी कुठल्याही क्रमवारीपेक्षा वरची आहे, कारण पदवीनंतर लोक तुला विद्यापीठाबद्दल एकदा विचारतील आणि प्रबंधाबद्दल दहादा.

प्रबंधासाठी माझ्या मनात तुझ्याजोगा एक प्रश्न आहे. वेकमध्ये उभ्या असलेल्या मागच्या रांगेतल्या टर्बाईनच्या गिअरबॉक्सचं आयुष्य पुढच्या रांगेच्या तुलनेत किती कमी होतं, आणि ते कंपनांच्या नोंदींवरून आधी ओळखता येतं का? दुसरा प्रश्न आयुष्य वाढवण्याचा. व्हिंडेबी हा डेन्मार्कचा जगातला पहिला सागरी पवनप्रकल्प १९९१ ते २०१७ चालला, ठरलेल्या काळापेक्षा जास्त. जगभर आता हजारो टर्बाईन विशीच्या आसपास पोचल्या आहेत आणि त्यांचे मालक विचारताहेत, अजून पाच वर्षं चालवू का? त्याचं प्रामाणिक उत्तर देणाऱ्या इंजिनिअरची गरज कागदावरच्या नव्या टर्बाईनपेक्षा मला जास्त वाटते.

तयारीला पैसे लागत नाहीत. ओपनफास्ट हे भारांचं सॉफ्टवेअर मोफत आहे, ती ५ मेगावॉटची संदर्भ टर्बाईन त्यात तयार मिळते. टॉवरची वारंवारता बदलून बघ, रोटरच्या ठेक्यावर आणून ठेव, काय होतं ते आलेखात पाहा. इंग्लंडमधल्या केल्मार्श इथल्या सहा टर्बाईनच्या दर दहा मिनिटांच्या नोंदी खुल्या उपलब्ध आहेत. त्यांवरून वेग आणि विजेचा आलेख काढ, त्यात न बसणारे ठिपके शोध आणि प्रत्येक ठिपका तसा का, याचा छडा लाव. बर्फ, थांबवलेली टर्बाईन, चुकीच्या दिशेला वळलेला रोटर, शेजारणीचा वेक, सगळं त्या ठिपक्यांत सापडतं. डीटीयूचा पवनऊर्जेवरचा प्राथमिक ऑनलाईन अभ्यासक्रमही आहे, तो एकदा बघून टाक, म्हणजे शब्द ओळखीचे होतील.

उंचीच्या भीतीची लाज अजिबात बाळगू नकोस. टॉवरवर चढणं हे मुख्यतः तंत्रज्ञांचं आणि प्रत्यक्ष जागेवर मोजमाप करणाऱ्यांचं काम. त्यासाठी उंचीवरची सुरक्षितता, प्रथमोपचार, आग अशा गोष्टींचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि नोकरीच्या जाहिरातीतच ते स्पष्ट लिहिलेलं असतं. भार, रचना, कंट्रोल, वाऱ्याचा अंदाज, ग्रीड यांवर काम करणारे बहुसंख्य लोक संगणकासमोर बसतात. मीही त्यांतलीच, भारांच्या गणितातली. अभ्यासक्रमात कधी भेट ठरली आणि तुला खाली थांबायचं असेल तर सांग आणि खाली थांब. टॉवरच्या तळाशी, दाराच्या आत, बोल्टच्या रांगा आणि केबल बघण्यासारख्या असतात, आणि टॉवरवरचा सगळ्यात मोठा वाकवणारा जोर येतो तोही तिथेच.

अर्ज करताना हेतूपत्रात 'लहानपणापासून निसर्गाची आवड' आणि 'हवामानबदलाचं आव्हान' यांवर पानं खर्च करू नकोस. तुझी कळकळ खरी असेल, पण निवड करणाऱ्याने ती वाक्यं त्या सकाळीच वीसदा वाचलेली असतात. पहिल्याच परिच्छेदात लिही की तू कुठल्या प्रकारच्या गिअरबॉक्सवर, कोणत्या सेन्सरने, काय मोजलंस, कुठला दोष कसा ओळखलास, आणि आता टर्बाईनमधलं नेमकं काय समजून घ्यायचं आहे. अर्जाआधी एक-दोन प्राध्यापकांना छोटा ईमेल पाठव. त्यांच्या अलीकडच्या एका शोधनिबंधातला एक मुद्दा आणि त्यावर तुझा एक खरा प्रश्न, बस. सोबत तुझ्या कामाचा एक आलेख जोड. कंपनीच्या नोंदी बाहेर देता येत नसतील, आणि बहुधा येणार नाहीतच, तर केल्मार्शच्या नोंदींवरचा तुझा आलेख जोड. न बसणारे ठिपके वेगळ्या रंगात दाखव आणि प्रत्येक रंगाखाली तुला सापडलेलं कारण एका ओळीत लिही.

तुझी,
ताई